फाट्यावर झेब्रा क्रॉसिंग पायजे? रस्ता न अडवता आंदोलन कसं करायचं

पहिलेच सांगून टाकतो, रस्ता रोको करू नका. आम्ही केला होता म्हणूनच सांगून राहिलो. आमचं गाव हायवेच्या अलीकडं, शाळा पलीकडं, बसथांबा पलीकडं, अर्ध्या गावाची वावरं पण पलीकडंच. सातवीतल्या एका पोरीला फटफटीनं उडवलं, पाय मोडला, अन् दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजचे पोट्टे टायर घेऊन फाट्यावर. पाऊण तास रस्ता बंद. लय भारी वाटलं. मग कळलं का अडकलेल्या गाड्यांमध्ये एक ऑटो होता, त्यात आमच्याच गावची बाई बाळंतपणासाठी ग्रामीण रुग्णालयात चालली होती. सुखरूप झालं सगळं, पण तिच्या सासूनं दोन वर्षं आमच्याशी बोलणं सोडलं होतं. अकरा पोट्ट्यांची नावं ठाण्यात गेली, त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करून राहिला होता, त्याचं व्हेरिफिकेशन लटकलं. अन् साहेब येऊन काय म्हणाले, "करतो". बस्स. एक ब्रेकर नाही, एक बोर्ड नाही.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा डोकं लावलं. ते कसं केलं तेच लिहून राहिलो, तुमच्या फाट्यावर कामी येईल.

सुरुवात घोषणांपासून नाही, दगडापासून करा. किलोमीटरचा दगड असतो ना रस्त्याच्या कडेला, त्याचा वरचा भाग पिवळा असन तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असन तर राज्य महामार्ग, नारंगी असन तर गावाकडचा प्रधानमंत्री ग्रामसडकवाला रस्ता, अन् काळा, निळा, पांढरा असन तर जिल्ह्याचा किंवा शहराचा. आमचा हिरवा निघाला, म्हणजे बांधकाम विभाग. अन् आम्ही पहिल्या वेळी निवेदन कोणाले दिलं होतं, तहसीलदाराले. त्यांनी ते पुढं पाठवलं, पुढच्यानं अजून पुढं, ते अजून फिरूनच राहिलं असन कुठंतरी. पिवळा दगड असन तर बऱ्याच ठिकाणी एनएचएआय, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, त्यांचा हेल्पलाइन नंबर १०३३ आहे. अजून एक गोष्ट, राष्ट्रीय महामार्गावर ब्रेकर मागू नका, २०१६ मध्ये केंद्रानं तिथले ब्रेकर काढायलाच सांगितले होते, तिथं रंबलर (गाडी खडखडवणाऱ्या आडव्या पट्ट्या), बोर्ड, ब्लिंकर (लुकलुकणारा दिवा) नाहीतर अंडरपास मागायचा. चुकीची गोष्ट मागितली का साहेबाले "नियमात बसत नाही" म्हणायला आयतं मिळते अन् तुमचे सहा महिने जातात.

आता मोजणी. ही लय बोर गोष्ट वाटते पण आमच्या सगळ्या आंदोलनात जे चाललं ते याच्याच जोरावर. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मापं-नियम ठरवणारी संस्था, तिचं आयआरसी १०३ म्हणून पुस्तक आहे, पायी चालणाऱ्यांसाठी काय सोय द्यायची त्याचं. त्यात एक हिशोब आहे. गर्दीच्या तासात किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजा, त्याच तासात दोन्ही बाजूनं मिळून किती गाड्या जातात ते मोजा, गाड्यांच्या आकड्याचा वर्ग करा अन् माणसांच्या आकड्यानं गुणा. डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर उत्तर दहा कोटीच्या वर गेलं, डिव्हायडर असन तर वीस कोटीच्या वर, का मग तिथं क्रॉसिंगची गरज आहे असं त्यांचंच पुस्तक म्हणते. आपण म्हणून नाही राहिलो, त्यांचंच पुस्तक.

आम्ही पहिल्यांदा मोजलं तेव्हा फेल झालो. १५० पोरं, ७६० गाड्या, गुणाकार आला ८ कोटी ६६ लाख. सगळे तोंड पाडून बसले. मग एका पोरीच्या डोक्यात आलं का अरे आपण फक्त युनिफॉर्म मोजला. वावरात जाणाऱ्या बाया, डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या म्हाताऱ्या, बसमधून उतरून गावात येणारे लोक, ते कुठं धरले? दुसऱ्या दिवशी परत बसलो, सगळे धरून १८० झाले, गाड्या तेवढ्याच, अन् उत्तर १० कोटी ३९ लाख ६८ हजार. वहीतलं ते पान अजून जपून ठेवलं आहे. म्हणून सांगतो, मोजायला बसवताना एक पोट्टी अशी ठेवा जिची आई निंदायला जाते, तिले बरोबर दिसते कोण कोण ओलांडते ते.

बाजाराचा दिवस, परीक्षेचा दिवस, रविवार हे सोडून मोजा, नाहीतर कोणीतरी म्हणन का त्या दिवशी तर बाजार होता. सलग तीन दिवस मोजलं तर उत्तमच. दर पंधरा मिनिटाले वेगळी ओळ, खाली मोजणाऱ्याची सही.

स्पीड मोजायला गन नाही लागत. रस्त्याच्या कडेला, रस्त्यावर नाही, कडेला, पन्नास मीटर अंतरावर दोन झाडांच्या बुंध्याले चुना लावा. गाडी पहिल्या झाडाशी आली का मोबाईलचं स्टॉपवॉच चालू, दुसऱ्याशी आली का बंद. १८० ले त्या सेकंदानं भागा, ताशी किलोमीटर निघते. सव्वादोन सेकंद लागले तर ८०. आमच्याकडचे रेतीचे हायवा, म्हणजे मोठे टिप्पर, रिकामे परत येताना ८० च्या खाली क्वचित दिसायचे. आता हे समोर मांडा: रस्ता सात मीटरचा, माणूस सेकंदाले १.२ मीटर चालते, म्हणजे ओलांडायला सहा सेकंद. तेवढ्यात ८० वाला हायवा १३३ मीटर येऊन जाते. अन् आमच्या फाट्यावर वळणामुळं दिसायचंच साठ-सत्तर मीटर. म्हणजे दोन्हीकडं बघून, रस्ता मोकळा आहे म्हणून पाय टाकला तरी मधात गाठते. हे आम्ही ड्रॉइंग शीटवर काढलं, हायवा, पोरगी अन् मधातले मीटर, अन् तेवढं एक चित्र पाहून सरपंच गप्प झाले, जे एरवी होत नाही.

माहितीचा अधिकार पण टाकून ठेवा लगेच, कारण त्याले तीस दिवस लागतात. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दोन अर्ज: ठाण्यात, मागच्या तीन वर्षांत या किलोमीटर ते त्या किलोमीटर किती अपघात नोंदले ते, अन् बांधकाम विभागात, या जागी गतिरोधक, बोर्ड, पट्टे मंजूर आहेत का ते. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात कधीकधी गंमत निघते, म्हणजे बोर्ड कागदावर लागलेला असते.

हे सगळं झालं का मग आंदोलन. आंदोलनात आकडे दाखवायचे असतात, नुसता राग दाखवला तर लोक दोन मिनिटं बघून निघून जातात. अन् आमचा एक नियम होता जो शेवटपर्यंत तोडला नाही: सगळं नालीच्या पलीकडं. डांबरावर एकही पोट्टं उभं राहणार नाही, गाडी थांबवणार नाही, ड्रायव्हरले फूल द्यायला पळणार नाही. क्रॉसिंग सेफ करायचं आंदोलन अन् त्यातच लेकरू गेलं तर काय तोंड दाखवान.

ताडपत्रीचा झेब्रा ही आमची मेन आयटम होती, ते नीट सांगतो. सोयाबीनवर झाकायची काळी ताडपत्री घेतली, चोवीस बाय बारा फुटाची, म्हणजे रस्त्याच्या रुंदीएवढी बसते. पहिले चुन्यानं पट्टे ओढले, वाळल्यावर घडी घातली अन् उघडली तर सगळा चुना खाली, ताडपत्री कोरी. मग कोणाच्या तरी बापानं आयडिया दिली. युरियाच्या रिकाम्या चुंगड्या एका बाजूनं उसवून उलट्या केल्या का आतून पांढऱ्याशुभ्र निघतात. एका चुंगडीत दोन तुकडे, कडा आत दुमडून बरोबर पन्नास सेंटिमीटर रुंद, कारण खऱ्या झेब्र्याचा पट्टा तेवढाच असते. दाभण अन् सुतळी घेऊन दोन दुपारा बसलो, बारा-तेरा चुंगड्यांत तीन-तीन मीटरचे सात पट्टे झाले. आमच्या आज्या सगळ्यात फास्ट शिवत होत्या, गोधडी शिवायचा हात तो.

तो झेब्रा रस्त्यावर अंथरायचा नाही बरं का, फटफटी घसरन, चाकात अडकन. आम्ही दोन बाभळींच्या मधात, नालीच्या मागं, उभा ताणून बांधला, जिथून ओलांडायचं असते त्याच जागी. पहिल्याच सकाळी एक हायवा गेला अन् त्याच्या हवेनं ताडपत्री शिडासारखी फुगून दोन दोऱ्या तुटल्या, एका पोट्ट्याच्या तोंडावर फटकन बसली. त्यानंतर मधातून चार-पाच चिरा दिल्या हवा जायला, अन् बांबू लावून अजून दोन मीटर मागं नेली. बाजूले मोठ्या अक्षरात फक्त आकडा: आज सकाळी इथून १८० माणसं ओलांडली. रोज आकडा बदलायचा, फळ्यावर खडूनं. एसटीचे ड्रायव्हर चौथ्या दिवसापासून हळू करून आकडा वाचायला लागले, अन् कंडक्टर ओरडून विचारायचे, "आज किती रे?" मानव विकासच्या निळ्या बसमधल्या पोरी तर टाळ्या वाजवायच्या.

जगात हे बरेच लोकांनी केलं आहे. बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात २००१ पासून तरुण पोरं झेब्र्याचा ड्रेस घालून क्रॉसिंगवर लोकांले मदत करतात. बोगोटात नव्वदीच्या दशकात महापौर अँटानस मॉकस यांनी चौकात मूकनाट्यवाले कलाकार उभे केले, ते नियम तोडणाऱ्याची नक्कल करून त्याले लाजवायचे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात पालक अन् लेकरं रस्त्यावर उतरली होती, गाड्यांखाली मुलं मरून राहिली म्हणून, आज तिथल्या सायकलींचं जे कौतुक होते त्याच्या मागं ते पण आहे. आमच्यातल्या एकाले तो झेब्र्याचा ड्रेसच पायजे होता. अरे बावा, एप्रिलात आपल्याकडं तसला ड्रेस घातला तर पोट्टं क्रॉसिंगच्या पहिले उन्हानं पडन. आपल्याकडं आपलंच काय कमी आहे?

मारबत घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावची इडापिडा बाहेर न्यायची, "घेऊन जा गे मारबत" म्हणत. नागपूरच्या मारबतीत बडगे, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, कोणाकोणाचे. आम्ही भरधाव हायवाचा बडगा केला, बांबू, तणस, जुने पेपर, समोर दोन फुटकी हेडलाइट. गावातून मिरवला अन् "बिनपट्ट्याचा रस्ता घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर नेला. यासाठी वेगळी गर्दी जमवावी लागत नाही, लोक तसेही असतातच. फक्त बडग्यावर कोणत्या साहेबाचं, पुढाऱ्याचं नाव लिहू नका. एकानं लिहिलं होतं, आम्ही रात्रीच पुसलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी रस्त्याचा विषय संपून पार्टीचा विषय झाला असता. तान्ह्या पोळ्याले छोट्या पोरांच्या लाकडी बैलांच्या पाठीवर "मी पण रस्ता ओलांडतो" अशा पाट्या लावल्या, त्याचे फोटो सगळ्यात जास्त फिरले.

पोरींनी भुलाबाईच्या दिवसात स्वतःची गाणी केली. चाल जुनी, शब्द नवे, सासरच्या वाटेवर हायवा आडवा येते अन् सासू म्हणते ब्रेकर आण तर घरात ये. घरोघरी गेल्या, खाऊ ओळखता ओळखता बाया सह्यांच्या कागदावर अंगठा पण देत होत्या. आमच्या पोट्ट्यांनी महिनाभरात जेवढ्या सह्या केल्या त्याच्यापेक्षा जास्त पोरींनी पाच संध्याकाळीत आणल्या. ज्यांच्याकडं झाडीपट्टीचं नाटक, दंडार, खडी गंमत असते त्यांनी मध्यंतरात पाच मिनिटं मागून घ्यावी, कोणी नाही म्हणत नाही.

गाडगेबाबांची पद्धत तर आपल्याच मातीतली आहे, दिवसा गाव झाडायचं अन् रात्री कीर्तनात लोकांले प्रश्न विचारायचे. आम्ही वळणावरचं बेशरमाचं झुडूप तोडलं, कमरेएवढं माजलं होतं, दोन रविवार लागले. तेवढ्यानं साठ मीटरचं दिसणं शंभराच्या आसपास गेलं. मग उरलं फ्लेक्स. वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे, बरोबर वळणावर. ते स्वतः काढू नका, भांडण लागते. आम्ही फक्त त्या फ्लेक्सच्या मागं, जिथून लहान पोरगं रस्ता बघते त्या उंचीवरून फोटो काढला, समोर फक्त भाऊंचा हसरा चेहरा, गाडी दिसतच नाही, अन् तो फोटो भाऊंच्याच माणसांले पाठवला. दोन दिवसात फ्लेक्स सरकले, वर भाऊंनी विद्यार्थ्यांची काळजी घेतली अशी पोस्ट पण पडली. पडू द्या. आपल्याले काय, दिसायला लागलं ना.

काय करू नये ते पटपट सांगतो. यमराजाचं सोंग नका करू, जिल्ह्यात सहा यमराज आधीच आहेत, ड्रायव्हर सेल्फी काढून निघून जाते. स्वतः रस्त्यावर झेब्रा रंगवू नका, मन लय होते पण राष्ट्रीय महामार्गाले नुकसान केल्याचं कलम लागलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, अन् चुकीच्या जागचा झेब्रा असला तर लोक भरवशानं उतरतात अन् गाडीवाल्याले पत्ताच नसते. रस्ता अडवल्याचा गुन्हा वेगळा, नव्या न्याय संहितेत पाच हजारापर्यंत दंड. अठराच्या आतल्या पोरांच्या आईबापाची लेखी परवानगी घ्या. गुरुजींले समोर उभं करू नका, ते सरकारी नोकर, त्यांची नोटीस निघते. ते मागून चहा पाठवतात तेवढं पुरते.

अन् ठाण्यात आधी कळवा. परवानगीचं नाटक नको वाटत असन तरी कळवाच, तारीख, वेळ, जागा, किती लोक, जबाबदार कोण, अन् दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या सदतीस कलमाची जमावबंदी लागू आहे का ते पण तिथंच कळते, सणासुदीले अन् निवडणुकीले बहुतेक असतेच. १७ ऑक्टोबर १९४० ले विनोबांनी पवनारले वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला ना, त्यातसुद्धा सत्याग्रहीनं कुठं अन् कधी करणार हे सरकारले आधीच कळवायचा नियम होता. इंग्रजाले कळवून होत होतं तर आपल्या ठाणेदाराले कळवायला काय जाते. आमच्यासाठी तर ठाणेदारानं एक हवालदार दिला सकाळचा, तोच पोरं ओलांडवायला लागला.

शेवटी कागद. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, कलेक्टर अध्यक्ष असतात, पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एका टेबलावर. तिथं विषय घुसला पायजे. निवेदन एक पानाचं, वर किलोमीटर क्रमांक, मग तो दहा कोटीवाला हिशोब, स्पीडचा तक्ता, सह्या, माहिती अधिकाराचं उत्तर. मागण्या चारच: पट्टे, दोन्हीकडं शाळेचा बोर्ड, ब्लिंकर, अन् नियमातला ब्रेकर. नियमातला म्हणजे ३.७ मीटर रुंद अन् दहा सेंटिमीटर उंच, हळूहळू चढणारा. मापं लिहूनच द्या, नाहीतर रातोरात डांबराचा ढिगारा टाकून जातात, त्यावरून मागं बसलेली बाई उडते अन् मग गावच म्हणते ब्रेकर काढा. निवेदन द्यायला गेलो त्या दिवशी ताडपत्री सोबत नेली, ऑफिसच्या आवारात एका बाजूले अंथरली, अन् आम्ही पन्नास जण त्यावरून एक-एक करून शांतपणे चालत गेलो. घोषणा नाही. मोठे साहेब गाडीतून उतरले, बघितलं, काय आहे विचारलं, अन् स्वतः त्यावरून चालत आत गेले. तो व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा आहे, बाकी सगळ्या भाषणांपेक्षा तोच चालला.

सात महिने लागले. बोर्ड लागले, ब्लिंकर लागला, एक ब्रेकर बऱ्यापैकी मापात आला. झेब्रा मात्र तीस मीटर सरकवून मारला, समोर नाली, उतरायलाच जागा नाही. परत मोजणी, परत अर्ज, परत ताडपत्री बांबूले. बरोबर जागी यायला अजून एक दिवाळी गेली. पट्टा आला म्हणून गाड्या थांबतातच असं नाही, २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमात पायी माणसाले आधी जाऊ द्यायचं लिहिलं आहे तरी, म्हणून पहिला महिना रोज सकाळी फळा अन् आकडा चालूच ठेवा.

रंग एका पावसाळ्यात जाते. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच आठवड्यात दरवर्षी परत मोजा अन् पट्ट्याचा फोटो काढून अर्ज टाका, आता आमच्या गावची नववीची पोरं ते करतात, आम्हाले विचारत पण नाहीत. ताडपत्री अजून चांगली आहे, सध्या आमच्याच वावरात सोयाबीनच्या गंजीवर झाकली आहे, पट्टे वर करून. कोणाले पायजे असन तर मळणी झाल्यावर घेऊन जा, बांबू तुमचे तुम्ही बघा.